आजी विमानात बसत नाही

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण कवळीबाईंचं भरत होतं. गावातले दंतवैद्य त्यांच्याकडे रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि बाई घरामागच्या खोलीत बसून त्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवत, एकेक दात बसवत. एका उन्हाळ्यात सकाळी खोली उघडली तर टेबलावरच्या सगळ्या हिरड्या ढेपाळलेल्या, दात कलंडून एकमेकांवर पडलेले. इतक्या वर्षांत मेणाने असा दगा कधी दिला नव्हता. बाईंना राग आला, आणि राग आला की त्या वाचायला घेत. हवा का तापते याच्यावर मिळेल ते वाचलं, तेव्हा त्यांना कळलं की वर्षभर दिवे विझवून आणि पायी हिंडून त्या जे काही वाचवतात, त्यावर लेकीकडच्या एका विमानफेरीत पाणी पडतं.

लोक दारू सोडतात, साखर सोडतात. बाईंनी विमान सोडलं. गल्लीत थोडा हशा झाला. बाई म्हणाल्या, "हसतील त्यांचे दात दिसतील, आणि बहुतेक ते मीच केलेले असतील."

लेक राहायची समुद्रापलीकडे. रेल्वेने आणि जहाजाने जायचं तर जाऊन येईपर्यंत ऋतू बदलायचा, आणि तोवर अर्ध्या गावाला पेजेवर ठेवणं बाईंच्या मनाला पटेना. मग लेकच येऊ लागली, दर मोठ्या सुट्टीत, नवरा आणि दोन मुलांना घेऊन. घर भरून जायचं. थोरला नातू बाईंच्या शेजारी स्टुलावर बसून उरलंसुरलं मेण मळत असायचा आणि आजी विमानात का बसत नाही, हे पुन्हा पुन्हा विचारायचा. बाई न कंटाळता सांगायच्या. विमान सुटलं पण माणसं काही सुटली नाहीत, असं त्यांना वाटायचं आणि त्याचा थोडा तोराही होता.

तो तोरा वाचनालयात उतरला. तिथे त्यांचं भाषण ठेवलं होतं. बाई छान बोलल्या, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या शिंपीणबाईने विचारलं, लेक भेटते कशी? बाईंनी सांगितलं, तीच येते. एकटीच? नाही, चौघं येतात.

"म्हणजे आधी एक जायचं," शिंपीणबाई म्हणाली, "आणि आता चार येतात."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. कापड मोजून किती लागेल ते सांगावं तसं ती म्हणाली. कुणी हसलं असतं तर बाईंनी दोन हात केले असते, पण कुणीच हसलं नाही. जन्मभर लोकांच्या जबड्यातलं केसाएवढं अंतर पकडणाऱ्या बाईंना हे दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाई हट्टी होत्या, अप्रामाणिक नव्हत्या. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं. वर्षातून एकदा आपणच विमानाने जायचं, एकटीने, आणि त्या चौघांनी यायचं नाही. गाव म्हणेल बाईंनी शब्द फिरवला. म्हणू दे. त्यांनी लेकीला फोन लावला आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता सगळं सांगून टाकलं.

लेक म्हणाली, "आई, आम्ही यंदा येणारच नव्हतो. तुला कसं सांगावं कळत नव्हतं."

कारण थोरला. त्याने शाळेत सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की माझी आजी विमानात बसत नाही, म्हणून मीपण बसणार नाही. जावयाने लालूच दाखवून पाहिली, लेक रागावून बसली, तरी पोरगा ढिम्म. तुझ्यावर गेलाय, असं लेक म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. बाईंना मात्र आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाजही वाटली.

मग काय अडचण आहे, मीच येते की, असं त्या पुन्हा म्हणाल्या.

"ते तूच त्याला सांग," लेक म्हणाली. "मला नाही जमणार."

फोनच्या पडद्यावर नातू आला. पुढचे दोन दात पडले होते. बाईंनी हिशेब तयार ठेवला होता: चारांपेक्षा एक बरा. पोराला एवढं गणित येत होतं. पण त्याने त्यांना तोंडच उघडू दिलं नाही.

"आजी, मी ऐकलं, तू विमानाने येणारेस म्हणे. खोटं आहे ना?"

नवी कवळी घालून आरशासमोर उभं राहिलेलं माणूस हसण्याआधी क्षणभर थांबतं, तसा तो थांबला होता. बाईंनी असे चेहरे खूप पाहिले होते. त्या वेळी काय बोलायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. "मी नाही बसत विमानात."

"मीपण नाही," तो म्हणाला आणि मान वळवून आतल्या खोलीत ओरडला, "आई, आजी येत नाहीये."

आपण येणार नाही, ही बातमी इतक्या आनंदाने कुणी दिलेली बाईंनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्यांना रडू येत होतं. पण पोरगा त्यांच्याकडे बघून हसत होता, म्हणून त्याही हसल्या. लेक पडद्यावर आली तेव्हा त्या अजून हसतच होत्या, आणि आता भेटायचं कधी, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.