गच्चीवरचा घास

माझी पणजी मुकादमीण. गिरणीच्या धुराड्याच्या आडोशाला तिचे घरटे होते. हे नाव तिला गिरणीतल्या कामगार बायकांनी दिले, कारण जेवणाच्या सुट्टीत ती कुणाच्या डब्यावर झडप घालील याचा सगळ्यांना धाक असे. माझी आजी लांडी. शेपटीची पिसे कायमची गमावली तरी भायखळ्याच्या बाजारातून मासळी उचलणे तिने सोडले नाही. माझी आई काळी. धुराडे पाडले गेले तेव्हा तिने काळाचौकीच्या एका चाळीमागचा पर्जन्यवृक्ष निवडला आणि तिथे संसार थाटला. त्यांच्या वंशातली मी एक जुनी घार आहे, मित्रांनो. नीट बसा. मी एकदाच सांगणार आहे.

आमच्या घराण्याचा एक नियम होता. हिसकावलेले खावे, सापडलेले खावे, पण कुणी पुढे टाकलेले खाऊ नये. तुम्ही आम्हाला चोर म्हणता, खुशाल म्हणा. भिकारी असे मात्र आम्हाला कोणी म्हटले नव्हते.

मी त्या पर्जन्यवृक्षावरच जन्मले. काटक्या, तारेचे तुकडे, गणपतीच्या मंडपाची फाटकी झालर आणि कुणाच्या तरी दोरीवरचा एक मोजा, एवढ्यावर आमचे घर उभे होते. पंख फुटले तशी मी शिवडीच्या गोदामांवर उंदीर धरायला शिकले. माझी सावली पडली की अंगणातली कबुतरे गप्प होत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग एका संक्रांतीला मांजा माझ्या उजव्या पंखात रुतला आणि मी चाळीच्या गच्चीवर, तिथे राहणाऱ्या सुभद्राबाईंनी वाळत घातलेल्या जवळ्याच्या मासळीवर येऊन आदळले.

“गेलो माझो जवळो!” सुभद्राबाई ओरडल्या. “मेल्या हितू, धाव! जिती आसा काय मेली ती बघ आधी!”

हितू म्हणजे त्यांचा मुलगा हितेंद्र. आईच्या शिवणाच्या कात्रीने त्याने तो मांजा कापला. कात्रीचे पाते माझ्या कातडीला एकदाही लागले नाही. हे मी नाकारणार नाही. पंख भरून येईपर्यंत त्याने मला टोपलीखाली ठेवले आणि कोंबडीचे तुकडे भरवले. त्या टोपलीत मी प्रथमच कुणी पुढे टाकलेले खाल्ले. जीव वाचला, पण माझ्यावर त्याचे देणे बसले.

पुढे हितेंद्रने भलामोठा कॅमेरा घेतला आणि तो पक्षी दाखवणारा वाटाड्या झाला. कुणी बंगळुरूचे, कुणी थेट जर्मनीचे, असे पाहुणे तो पहाटे शिवडीच्या चिखलावर नेई. तिथे त्यांना गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे दाखवी. भरती आली, पक्षी उडाले, की सगळ्यांना चाळीच्या गच्चीवर आणी. तिथे पोहे, चहा आणि मी. तो शीळ घाली, मांसाचा तुकडा हवेत भिरकावी, आणि मी तो वरच्यावर झेली. कॅमेरे गारांसारखे कडकडत. त्याने माझे नाव माया ठेवले, कारण ते परक्या पाहुण्यांनाही हाक मारायला सोपे होते.

मी भुकेने जात नव्हते. ज्या घरचे देणे आहे, त्या घरचे बोलावणे टाळता येत नाही, एवढेच. दादरच्या एका प्रदर्शनात माझा फोटो भिंतभर लागला म्हणे. सुभद्राबाई तो पाहून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “घारीक कोंबडी भरवतंस, तिचो फोटो भिंतीक लावतंस, आणि आवस तुझी सुकटावर दिस काढता!”

“आई, तू पण उडी मार ना, तुझा पण काढतो,” हितेंद्र हसून म्हणाला. तेव्हा तो असा हसत असे.

यंदाच्या फेब्रुवारीत माझा जोडीदार शिकारीला गेला तो परत आला नाही. घरट्यात एकच पिल्लू होते; पांढरी लव, डोळे अजून भित्रे. आमच्यात नर अन्न आणतो आणि मादी घरट्यावर राहते. मला दोन्ही करायचे होते. भोवती पाने दाट होती, म्हणून कावळ्यांना आतले दिसत नव्हते. त्या पानांच्या भरवशावर मी क्षणभर गच्चीवर जाई, तुकडा उचली आणि परत येई. लांब उडायला जुना पंख साथ देत नव्हता.

हितेंद्रला घरट्याचा सुगावा लागला. तो कोयतेवाला माणूस घेऊन आला.

“झाडाक हात लावू नको,” सुभद्राबाई म्हणाल्या. “वीण सुरू आसा तिची.”

“दोनच फांद्या, आई. गच्चीवरून काहीच दिसत नाही. पाहुणे काय पानांचे फोटो काढायला येतात?”

दोन फांद्या पडल्या. माझ्या घराला भिंत होती, ती गेली. मी पिल्लावर पंख पसरून उन्हात बसले आणि भूक दाबून ठेवली. रविवार येईपर्यंत पिल्लाची मान वर उठेना.

त्या रविवारी शीळ वाजली. कावळे समोरच्या तारेवर बसून होते. पण पिल्लाला घास हवा होता आणि गच्ची जवळ होती. मी झेपावले. हितेंद्रने हात उंचावला, पण तुकडा हातातच ठेवला.

“आता नको, सूर्य ढगात आहे,” तो पाहुण्यांना म्हणाला. “फिरू दे तिला.”

मी वळले, पुन्हा आले. पुन्हा रिकामा हात. रुचा नावाची एक पाहुणी कॅमेरा खाली करून म्हणाली, “दादा, द्या ना तिला. दमली ती.”

“मॅडम, पोट भरलं की ती निघून जाते. मग शॉट कुठून आणू?”

“एक और राउंड, बॉस!” मागून कुणी ओरडले.

तिसऱ्यांदा तुकडा सुटला. मी तो धरला आणि वळले, तेव्हा घरट्याच्या काठावर कावळे होते आणि एकाच्या चोचीत पांढरी लव होती. मी किंचाळले. त्या किंचाळण्यावरही कॅमेरे कडकडले. “मिळालं! एकाच फ्रेममध्ये सगळं!” असे म्हणून कुणीतरी टाळी दिली. रुचा तेवढी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सुभद्राबाई जिना चढून वर आल्या. “हितू, काय केलंस रे ह्या?”

“मी काय केलं? निसर्ग आहे, आई. कावळे पिल्लं खातातच.”

“आणि निसर्गाक कोयतो कोणी दिल्यान?”

मी तो तुकडा पंज्यात धरून रिकाम्या घरट्यात बसले. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

मित्रांनो, हे रडगाणे नाही. ही आज्ञा आहे, आणि ती मोडणाऱ्याची मी गय करत नाही. पाखरे पाहायला जरूर या, पण घरट्यावरचे एकही पान हलवू नका. तुमची दुर्बीण लांबचे जवळ आणते. मग तुम्ही लांबच उभे राहा. भुकेल्या जिवाला फोटोसाठी नाचवू नका. आणि एखाद्याचा जीव वाचवलात, तर नंतर त्याला सोडून द्या. वाचवला म्हणून तो तुमच्या मालकीचा होत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा शीळ वाजली. मी गच्चीकडे गेले नाही. दुखऱ्या पंखाने शिवडीपर्यंत गेले आणि बंद गोदामाच्या छपरावर वाट पाहत बसले. ऊन तापल्यावर एक लठ्ठ उंदीर कडेने निघाला. तो मी धरला. पोटात आग होती, पण त्याला चोच लावली नाही.

गच्चीवर पाहुणे अजून ताटकळत होते. हितेंद्र घामाघूम झाला होता, शीळ घालून घालून त्याचे ओठ सुकले होते.

“आली! माया आली! रेडी राहा!”

त्याने मांसाची परात पुढे केली. मी त्यातल्या तुकड्याकडे पाहिलेही नाही. त्याच्या डोक्याला वारा लागेल इतक्या खालून गेले आणि पंजा उघडला. उंदीर परातीत पडला, अखंड, अजून गरम. टोपलीखाली भरवलेले आणि गच्चीवरून भिरकावलेले, सगळ्याची परतफेड त्यात आली. एकाही कॅमेऱ्याचा आवाज झाला नाही.

जिन्याच्या तोंडाशी सुभद्राबाई उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “उचल, हितू. तुझा तुका गावला.”

हितेंद्र वाकला आणि त्याने तो उचलला. माझे देणे पुरते फिटले.