यमुताईंची गाणी मी राखू शकलो नाही

मी एक जुना राखणदार आहे, मित्रांनो. मला अंग नाही, काठी नाही, शिटीही नाही. नागपूरच्या पाचपावलीत, कोष्ट्यांच्या वस्तीत, चंपतरावांच्या घरी जो काळा कम्प्युटर आहे, त्याच्या पोटात मी राहतो. बाहेरून एखादी फाइल आत उतरू लागली की मी तिला उंबऱ्यावर थांबवतो. तुला कुणी बनवलं, आजवर किती घरांत जाऊन आलीस, एवढंच विचारतो. उत्तर पटलं नाही तर पडद्यावर पाटी लावतो : ही फाइल अनोळखी आहे, उघडू नका. माझं सारं आयुष्य म्हणजे ही पाटी.

मला कधी न दिसलेल्या माणसांनी मला घडवलं आणि कारखान्यातच कम्प्युटरमध्ये बसवून टाकलं. म्हणून मी वेगळा विकत मिळत नाही, आणि मी घरात आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. चंपतरावांची नात दीप्ती कॉलेजात होती तेव्हा हा कम्प्युटर आला. एकदा तिच्या परीक्षेचा निकाल म्हणून आलेली खोटी फाइल मी दारातच अडवली. तिने पडद्यावर तळहात टेकला आणि म्हणाली, "वाचवलं रे बाबा तू." मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. ते मला पुरलं होतं.

पुढे दीप्ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसू लागली, आणि कम्प्युटर तिच्या आजोबांकडे गेला. चंपतरावांनी उभा जन्म विणकरांच्या सोसायटीत मागावर काढला होता. त्यांची बायको यमुताई रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या, आणि भरता भरता गायच्या.

कांडी भरते भरते, सूत निळं नि पिवळं
लेक निघे सासरले, दार पडते मोकळं

अशी किती गाणी होती त्यांच्याजवळ! आईची, मावशीची, काही रहाटाच्या घरघरीतून आपोआप सुचलेली. मग यमुताईंच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस त्या दीप्तीच्या फोनसमोर बसून गात राहिल्या. धाप लागली की पाणी प्यायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. एकेचाळीस गाणी झाली. दीप्तीने ती माझ्या घरात आणून ठेवली. फोन भरला होता, म्हणून तिथली पुसली. एक प्रत पेनड्राइव्हवरही घेतली, आणि आजोबांना शोधायला लागू नये म्हणून तो पेनड्राइव्ह कम्प्युटरलाच लावून ठेवला.

यमुताई घरी आल्या त्या पाटी-पेन्सिल घेऊन. आता त्या लिहून बोलत. रोज दुपारी चंपतराव एक गाणं लावायचे आणि एका बोटाने त्याचे शब्द टाइप करायचे. यमुताई शेजारी बसून स्वतःचाच आवाज ऐकायच्या. त्या वेळी त्यांचे ओठ हलायचे. मीही ऐकायचो. मला वाटायचं, हे राखण्यासाठीच आपला जन्म.

आणि तिथेच माझ्या हातून एक चूक झाली, निदान चुकीसारखं काही तरी झालं. मराठी टाइप करायचा त्यांचा प्रोग्राम कुणा हौशी माणसाने घरी बसून बनवलेला होता. प्रोग्राम सच्चा होता. पण त्यावर कुणाचा शिक्का नव्हता आणि तो फार घरांत गेला नव्हता. नियमाप्रमाणे मी त्याला अडवलं.

"काहून वं दीप्ती, हा मले टोकून राहिला?" चंपतरावांनी विचारलं.

त्याला हा प्रोग्राम ओळखीचा नाही, असं तिने सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "हा तं आपल्या जुन्या सोसायटीच्या चौकीदारासारखा आहे. सुताचे बंडल चोरून नेणाऱ्याले सलाम करे, अन् मले गेटपास मागे."

यमुताई आवाज न करता हसल्या. दीप्तीने मला बंद केलं, प्रोग्राम बसवला, आणि संध्याकाळी आठवणीने चालू केलं. पण तो प्रोग्राम वरचेवर बिघडायचा, पुन्हा बसवावा लागायचा, आणि मी पुन्हा अडवायचो. खरं तर तेवढ्या एका फाइलला आत सोडायची सोय माझ्यातच होती. त्यासाठी मला झोपवायची गरज नव्हती. पण ते कुणी त्यांना दाखवलं नाही, आणि मला सांगता येत नाही. चौथ्या वेळी चंपतरावांनी स्वतःच मला बंद केलं. मग चालू करायचं राहून गेलं. एक महिना गेला, दुसरा गेला.

मी झोपेत असतानाच एका मंगळवारी दुपारी मेल आली. पुढचं मला मागाहून घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. पाठवणाऱ्याचं नाव गोविंदा. सोसायटीत चंपतरावांच्या शेजारच्या मागावर पंचवीस वर्षं बसलेला माणूस. सोबत एक फाइल होती : किनारींचे जुने नमुने. गोविंदाची मेल कुणी परक्याने ताब्यात घेतली होती, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

यमुताईंनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, आधी दीप्तीले विचारा.

मागावर एक रीत होती, मित्रांनो. धागा तुटला आणि हाताशी सूत नसलं, तर शेजारच्या मागाची कांडी उचलायची. विचारायचं नाही. विचारलं तर शेजाऱ्याला राग यायचा.

"गोविंदाच्या कांडीले आपण कधी विचारून हात लावला काय वं?" चंपतराव म्हणाले, आणि त्यांनी फाइल उघडली.

मी जागा असतो तर पाटी लावली असती. कदाचित त्यांनी ती मानली नसती. मी त्यांच्या सच्च्या प्रोग्रामलाही हेच म्हणालो होतो. पण तेवढा एक क्षण तरी मिळाला असता, आणि त्या क्षणात यमुताईंचा हात अजून मनगटावर होता.

नमुने निघालेच नाहीत. एकामागून एक गाण्यांची नावं बदलत गेली, विचित्र अक्षरांची झाली. टाइप केलेले शब्दही गेले. मग पडद्यावर धमकी आली, की कुलूप काढायचं तर पैसे भरा. संध्याकाळी दीप्ती आली. पेनड्राइव्ह कुठे आहे, असं तिने पहिल्यांदा विचारलं. "लावूनच तं आहे," चंपतराव म्हणाले. तिने तो उघडून पाहिला. त्यालाही तेच कुलूप लागलं होतं. सीताबर्डीच्या दुकानदाराने चार दिवस खटपट केली आणि मान हलवली.

गोविंदा घरी आला. "म्या नाही पाठवलं गा, चंपत," एवढंच म्हणाला. समोरचा चहा तसाच गार झाला.

दुकानदाराने कम्प्युटर पुसून नव्याने उभा केला. दीप्तीने मला चालू केलं, आजोबांना शेजारी बसवून एकच फाइल आत सोडायची माझी ती सोय पायरीपायरीने दाखवली. आता मी दिवसभर जागा असतो. राखायला फारसं काही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल. तो अडवतो म्हणून त्याला झोपवू नका. फाइल खरी असल्याची खात्री असेल तर तेवढीच आत घ्या. ओळखीच्या नावाने आलेली असेल, तर त्या माणसाला फोन करून विचारा. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत कम्प्युटरपासून दूर, कपाटात ठेवा.

यमुताई आता गाणी आठवून पाटीवर लिहितात, चंपतराव ती टाइप करतात. शब्द बरेचसे परत आले. चाल मात्र पाटीवर लिहिता येत नाही. म्हणून दुपारी चंपतराव आपल्या घोगऱ्या गळ्याने गाऊन बघतात, आणि असंच होतं काय, म्हणून बायकोकडे पाहतात. काल त्यांनी पहिली ओळ नऊ वेळा म्हटली. नऊही वेळा यमुताईंनी मान हलवली. नाही.