वैशाखातले लोकरी बूट

जगदेव लढाईवरून परत आला तेव्हा इंझोरीच्या लोकांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. पायांत मेंढीच्या कातड्याचे बूट होते. बाहेरून तपकिरी मऊ कातडं आणि आत दाट पांढरी लोकर. काठावरून ती लोकर अशी बाहेर डोकवायची की पोरंटोरं हळूच बोट लावून पळून जायची. इटलीच्या डोंगरात एका मेंढपाळाच्या म्हाताऱ्या बायकोनं ते शिवले होते, आणि जगदेवानं पलटणीतला चहा नि साखर देऊन तिच्याकडून घेतले होते.

पौषाचे दिवस होते. पारावर शेकोटीभोवती माणसं घोंगड्यांत गुरफटून कुडकुडत बसायची. कोणाच्या टाचांना भेगा, कोणाची बोटं गारठलेली. त्यांच्यात हा पठ्ठ्या पाय लांब करून खुशाल गप्पा मारायचा.

"कसं वाटते रे आत?" कोणी विचारायचंच.

"मायच्या गोधडीत पाय घालून बसल्यावानी," जगदेव म्हणायचा.

कारंज्याच्या बाजारात तर सैफुद्दीन चपलावाला गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या पायऱ्या उतरून आला आणि वाकून वाकून शिवण पाहत राहिला. बूट हातात मात्र मिळाला नाही त्याला. आणि जगदेवाची ती चाल! उजवा पाय टेकताना जरासं डुलत चालायचा तो. गावाला वाटलं, पलटणीत असंच चालायला शिकवत असतील. दोन-चार तरणी पोरंही तशीच डुलत चालू लागली, आणि त्यांच्या आयांना ते कौतुकाचंही वाटलं.

खरं काय ते एकट्या कस्तुराबाईला, जगदेवाच्या आईला माहीत होतं. आला त्याच संध्याकाळी तिनं पोराच्या पायांवर ओतायला ऊन पाणी आणलं. त्यानं बूट काढले. उजव्या पायाची तीन बोटं नव्हती.

"बर्फानं काळी पडली होती, डाक्तरनं काढून टाकली," तो सहज म्हणाला. "बाकी पाय शाबूत हाय, माय. थंडीत ठणकते जरासा, म्हणून हे बूट. पुढं लोकरीचा बोळा भरला का पाय बराबर बसते."

कस्तुराबाईनं तांब्यातलं पाणी हळूहळू त्या पायावर ओतलं. पोरगा लढाईवर असतानाच तिचा नवरा वारला होता. आता पोराचा संसार उभा राहिलेला पाहायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. आणि लोकांची जीभ ती चांगली ओळखून होती. एकदा का 'कस्तुराचा लंगडा' असं नाव पडलं की पोरगी द्यायला कोणी दारात उभं राहणार नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "आन् बूट काढू नको."

"घरातबी?"

"घरातबी. मानसं येतात-जातात."

जगदेव हसला. थंडी होती, बूट उबदार होते, त्याला काही जड गेलं नाही.

माघात मेडशीहून रामकिसन आले. घरचे चांगले खाऊनपिऊन सुखी, गोजरा नावाची लग्नाची मुलगी. पोरगा पाहायला म्हणून आले आणि बूटच पाहत बसले. वाकून लोकर चाचपली, कातडं दाबून पाहिलं. "पोरगं टापटीप हाय," असं जगदेवाच्या काकाला, उकंडरावाला म्हणाले, आणि बोलणी जमली. सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर कस्तुराबाईनं पोरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि उरलेल्या मुठीनं बुटांचीही दृष्ट काढली. तिच्या लेखी अर्धं लग्न त्या बुटांनीच जमवलं होतं.

पण फाल्गुन सरला आणि वऱ्हाडचं ऊन सुरू झालं. चैत्रात ढेकळं तापून पाय ठेववेना. लोक अंगावरचा सदरा काढून झाडाखाली पडायचे, आणि जगदेव मात्र लोकरीचे बूट घालून वखरामागं. आता पोरं लोकरीला बोट लावेनात. माणसं बुटांकडे पाहायची आणि मग एकमेकांकडे पाहायची.

"माय, पाय शिजून राह्यले," तो एकदा म्हणाला.

"लगन होऊ दे. मंग फेक तिकडं."

कोणी विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं, "तिकडं सायेब लोकं बारा महिने बूट घालतात, तशीच सवय लागली त्याले." हे उत्तर आपल्याला सुचलं याचा तिला थोडा अभिमानही होता.

लग्न वैशाखात, मेडशीला. वऱ्हाड सकाळीच पोचलं. जानोशाच्या घरी, जिथं वऱ्हाड उतरलं होतं, तिथल्या मागच्या आंगणात कस्तुराबाई तोंड धुवायला गेली तर विहिरीपाशी एक बाई चिंचेनं पितळेची परात घासत बसलेली. शेजारी चुलीवर हंड्यात कडुलिंबाचा पाला उकळत होता.

"चकचकीत केली हो परात," कस्तुराबाई कौतुकानं म्हणाली. "कायले एवढी?"

"नवरदेवाचे पाय धुवाले," ती बाई म्हणाली.

कस्तुराबाई तोंड न धुताच मागं फिरली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत मिरवली होती ती. सासरा भर मांडवात जावयाला पाटावर बसवतो, परातीत त्याचे पाय धुतो, मग पोरगी त्याच्या हातात देतो, हे तिनं किती वेळा पाहिलं होतं. गाणी म्हटली होती त्यावर. गावापासून बोटं लपवली, सोयऱ्यापासून लपवली, आणि नेमकं हेच तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आता सगळ्या मेडशीसमोर बूट निघणार, आणि नवरीचा बाप भरल्या मांडवातून उठून जाणार. पोराच्या तोंडावर अक्षता पडायच्या ऐवजी काय पडेल, ते तिला दिसू लागलं.

हळद जाड लावावी का? मुहूर्ताच्या घाईत पाय धुणं राहून जाईल का? छे. घटकाभर तिनं जिवाचा आटापिटा केला, आणि मग खोटं बोलायचा तिला कंटाळाच आला. नवरीची आई मनकर्णाबाई वऱ्हाडाच्या फराळाची टोपली घेऊन आली होती. कस्तुराबाईनं तिचा हात धरला आणि तिला गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"ईनबाई, मले एक सांगाचं हाय. राग आला तर इथीच येऊ द्या, मांडवात नका येऊ देऊ."

मनकर्णाबाईचा चेहरा एकदम उतरला. "सांगा," ती म्हणाली, आणि गोठ्याचा खांब तिनं घट्ट धरला.

"जगदेवाच्या उजव्या पायाची तीन बोटं नाईत. लढाईत बर्फानं गेली. म्यांच त्याले म्हनलं, बूट काढू नको म्हणून. पोराची चूक नाई, माही हाय."

मनकर्णाबाई अगदी हळू म्हणाली, "बोटंच?"

"तीन."

"फक्त बोटंच? दुसरं काई नाई? खरं सांगा, तुमाले पोराची आन हाय."

"त्याचीच आन. बाकी पाय निरोगी हाय."

मनकर्णाबाई खांबाला धरून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. कस्तुराबाई घाबरली. पण ती बाई रडता रडता हसतही होती.

"अवं, आमाले वाटलं रक्तपिती हाय, महारोग," ती म्हणाली. "भर उन्हायात लोकरीचे बूट कोन घालते? सारं गाव कुजबुजून राह्यलं. इवायानं तुमच्या, गोजराच्या बापानं, परवापासून घास नाई खाल्ला. सुपारी फुटली, सबद देल्ला, मोडाव कसं? आन् इचाराव कसं? गोजरा म्हने, माह्या नशिबात असंन ते असंन. थो पाला कायचा उकयून राह्यला, वाटलं तुमाले? तुमच्या पोराच्या पायासाठीच."

कस्तुराबाईनं कपाळावर हात मारला. लंगडा म्हणतील या भीतीनं तिनं पोराला त्याहून केवढ्या मोठ्या दुखण्याचा धनी केला होता. तीही मग ईनबाईशेजारी शेणाच्या पोवट्यांवरच बसली आणि दोघी एकमेकींचे हात धरून पोटभर रडल्या. रडून झाल्यावर मनकर्णाबाई लगबगीनं उठली. आधी तिनं तो हंडा उकिरड्यावर उपडा केला, आणि मग नवऱ्याला शोधायला धावली.

मांडवात कस्तुराबाई मागंच बसली. विधवा बाईनं पुढं व्हायचं नाही, अशी रीत होती. तिला माणसांच्या फक्त पाठी दिसत होत्या. जगदेव पाटावर बसला. बूट निघाले तशी पुढची माणसं थोडी मागं सरकली, ते तिला कळलं. मग परातीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि रामकिसनचा आवाज आला, चांगला खणखणीत, मागच्यांनाही ऐकू जाईल असा.

"पुढं या न बाप्पा, कायले मांगं सरून राह्यले? पाहून घ्या सगळ्यायनं. तीन बोटं बर्फात देल्ली जावयानं. बाकी रोग नाई का काई नाई." आणि त्यांनी तो उजवा पाय दोन्ही हातांनी चोळून चोळून धुतला, डाव्यापेक्षा जास्त वेळ.

पाठी पुढं सरकल्या. कोणीतरी हसलं, कोणीतरी "बिचारा" म्हणालं, आणि तेवढ्यावरच ते संपलं. ज्या नावाच्या धाकानं तिनं अख्खा उन्हाळा काढला होता, ते नाव कोणी उच्चारलंसुद्धा नाही.

अक्षता पडल्या. पंगती बसायच्या गडबडीत कस्तुराबाई पोराजवळ गेली. तो मांडवाच्या कडेला सावलीत बसला होता. बूट बाजूला पडले होते, आणि गावची पोरं आळीपाळीनं त्यांत पाय घालून पाहत होती. रामकिसनही एकदा घालून पाहून गेले होते. तिनं जगदेवाच्या पायांकडे पाहिलं. हळद आणि पाणी वाळून गेलं होतं, आणि खाली दिसत होती ती घामानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडी. घोट्यापासून बोटांपर्यंत घामोळ्यांनी लालभडक झालेली. बोटं नव्हती तिथं तर सालं निघाली होती.

"काहून नाई बोलला रे मले?"

"बोललो होतो, माय," तो म्हणाला. "तू म्हनली, लगन होऊ दे."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला ते फार लागलं. जवळ पडलेला विंझणा तिनं उचलला आणि चार लोकांत, नवरदेवाच्या पायांशी बसून, त्याच्या पायांना वारा घालू लागली. जगदेवानं डोळे मिटले, पाय लांब केले, आणि त्याच्या खांद्यांचा सगळा ताण उतरत गेला. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. पोरगा घरी आला तो आज, असं कस्तुराबाईला वाटलं. पंगतीला चला म्हणून दोनदा बोलावणं आलं, पण ती उठली नाही.