बिनतारी दिव्याचं तीर्थ

दिवा पेटला आणि सभागृहात तीनशे माणसांचा श्वास अडकला. जाळीच्या दाराच्या देव्हाऱ्यात काचेची नळी निळसर तेजाने झगमगत होती. ना वात, ना तेल, ना तार! ती ज्या भांड्यात बुडवली होती, त्यात मघाशीच रंगकारखान्याचं जांभळं सांडपाणी आणि वर महाराजांचं 'मंत्रजल' ओतलं होतं.

"बघा, पाण्याचं पाप जळतंय!" तेजोमहाराज गरजले. "डॉक्टर सुया टोचतात. आम्ही नुसता प्रकाश पाजतो!"

तासभर प्रवचन चाललं; चेला पडद्यामागून दिवा अधूनमधून काही क्षणच पेटवत होता. तेवढ्यात पाणी खरंच नितळ झालं.

पहिल्या रांगेत सुनेशेजारी बसलेले सासरे उठले. चाळीस वर्षं कापड रंगवलेला माणूस. शेवटच्या धुण्याचं पाणी उजेडात धरायचं, नितळ दिसलं की माल पास, ही त्यांची रीत. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आज डायलिसिसचा दिवस, आणि स्वारी इथे!

"सूनबाई, उभ्या जन्मात असं पाणी पाहिलं नाही. सुया पुरे झाल्या आता."

भांड्यातून भरून घेतलेला ग्लास ओठांशी गेला. सून पुढे झाली. त्याच कारखान्याचं सांडपाणी ती प्रयोगशाळेत रोज तपासायची. तिने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"मामंजी, दोन मिनिटं थांबा. महाराज, दिवा काढून आत माझा गार चहा ठेवू?"

"देव्हारा बाटेल!"

"अहो, पाप जाळणारा देव्हारा चहाला घाबरतो होय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात तिने दिव्याचं भांडं बाहेर काढून कप आत सरकवला, दार लावलं, पडद्यामागचं बटण दाबलं. बघता बघता चहा उकळून उतू गेला.

"हा स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह! नळीतला पारा त्याच्याच लहरींनी पेटतो, म्हणून तार लागत नाही. आमच्याकडे सांडपाण्यावर असेच दिवे चालतात. 'मंत्रजल' म्हणून ओतलं ते पेरॉक्साइड. ते आणि दिव्याचा प्रकाश मिळून रंग तोडतात. पण क्षार?"

तिने पर्समधला क्षार मोजायचा मीटर डब्यात उरलेल्या जांभळ्या पाण्यात बुडवला. लिटरला चार हजार दोनशे मिलिग्रॅम. मग ग्लासात. चार हजार एकशे नव्वद.

"तुमच्या शरीराला चिमूटभर मीठ बाहेर टाकता येत नाही, मामंजी. सुया सोडून हे पाणी पीत राहिला असतात, तर जिवावर बेतलं असतं."

म्हातारा पुटपुटला, "म्हणजे डोळ्यांनी दगा दिला?"

"नाही. डोळ्यांनी रंग सांगितला, तो खरा सांगितला. बाकीचं त्यांना दिसतच नाही."

सासऱ्यांनी ग्लास महाराजांपुढे धरला. "घ्या, आधी तुम्ही."

तीनशे डोकी पुढे झुकली. महाराज ग्लासाकडे बघत राहिले, पण हात काही पुढे आला नाही.

देवावर खुशाल भाव ठेवा, बाबांनो. तो भाव गोडच असतो. पण ओंजळीत कुणी काही ओतलं, तर पिण्याआधी विचारा: यात काय आहे, आणि तपासलं कुणी? विचारल्याने देव रागावत नाही.