गुडघ्याची पुडी

डॉक्टरांनी सहा पुड्या बांधून दिल्या होत्या. फडताळात तीन उरल्या होत्या. अश्विनीने त्यातली एक ओट्यावर उलगडली. चार गोळ्या: दोन मोठ्या पांढऱ्या, एक चपटी पिवळी, एक लहान गुलाबी. एकीवरही नाव नव्हतं. ओतूरला औषध असंच मिळतं, पट्टीतून सोडवून कागदात गुंडाळलेलं. तिचं लहानपण अशाच पुड्यांवर गेलं होतं. आत काय असतं, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता.

बाहेर ओटीवर इफेओमा फोनवर मोठ्याने हसत होती. इफेओमा नायजेरियाची फुटबॉलमधली बचावपटू, देशासाठी एक्केचाळीस सामने खेळलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षं तिला कोणी बोलावलं नाही. यंदा ती पुण्याच्या एका क्लबकडून खेळायला आली आणि चिंचवडला अश्विनीची खोलीसोबतीण झाली. शुक्रवारी दोघी सुट्टीला ओतूरला आल्या. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून-उतरून इफेओमाचा गुडघा सुजला, तेव्हा अश्विनीच्या आईनेच, प्रयागबाईंनी, तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

“यात काय आहे?” पहिली पुडी हातात घेऊन इफेओमाने विचारलं होतं.

“दुखण्याचं साधं औषध. आम्ही नेहमी घेतो,” अश्विनी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली होती.

आणि आज, रविवारी सकाळी, तिसरी पुडी घेतल्यावर तासाभराने नायजेरियाच्या संघाकडून फोन आला. संघातली एक बचावपटू जायबंदी झाली होती. उद्या विमान, बुधवारी सामना.

“आई, डॉक्टर काय म्हणाले गं, कशाच्या गोळ्या आहेत?”

“मला काय ठावं? सूज उतरली ना? परवा खुरडत व्हती पोर. आज बघ, मासवडी मागून मागून खाल्ली.”

“एवढ्या लवकर उतरली, त्याचीच भीती वाटतेय.”

“मग काय महिनाभर सुजलेली ठिवायची व्हती? तुझं शिक्षान म्हंजे लई अवघड काम हाय.”

अश्विनीने दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, “डॉक्टर लग्नाला गेल्यात. दुखायच्याच गोळ्या हायेत ताई, भारीतल्या. आख्खं ओतूर घेतंय.”

तिने पुडी पुन्हा दुमडली. सामन्यानंतर उत्तेजकांच्या तपासणीसाठी नेमकी इफेओमाचीच निवड होईल असं थोडंच होतं? गप्प राहिलं तर कदाचित कुणालाच काही कळलं नसतं.

इफेओमा नाचतच आत आली आणि तिने प्रयागबाईंना मिठी मारली. “आई, आपका पुडी फर्स्ट क्लास!”

“सोड गं बाई, पीठ लागंल तुला!”

अश्विनीने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि शंका सांगितली. गुलाबी गोळी स्टेरॉइडची असू शकते.

“तू साधं औषध म्हणालीस.”

“हो.”

“कंपनीत तू औषधंच तपासतेस ना?”

“हो.”

इफेओमाने स्वतःच संघाच्या डॉक्टरांना फोन लावला. उत्तर सरळ होतं: स्टेरॉइड असेल तर बुधवारी खेळता येणार नाही, येऊ नकोस. नसेल तर ये. संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला बोलवावं लागेल.

“काय झालं गं?” प्रयागबाईंचा आवाज बारीक झाला. “म्या काय वंगाळ केलं का?”

“तू नाही, आई.”

उरलेल्या पुड्या अश्विनीच्या कंपनीत तपासायच्या ठरवून दोघी चिंचवडच्या एसटीत शेजारी बसल्या. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. इफेओमा खिडकीबाहेर बघत राहिली. अश्विनीने साहेबांना फोन करून सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडायची परवानगी काढली. इफेओमा कंपनीच्या गेटपाशी, सुरक्षारक्षकाच्या बाकावर बसली.

अश्विनीने गोळ्या वेगवेगळ्या खलल्या, विरघळवल्या, गाळल्या. गुलाबी गोळीची पूड वजन करताना थोडी सांडली. तिने दुसरी पुडी उघडून पुन्हा सुरुवात केली. पांढऱ्या गोळ्या पॅरासिटामॉलच्या निघाल्या, पिवळी आम्लपित्तावरची. गुलाबीचा पहिला आकडा पडद्यावर आला, तेव्हा यंत्र चुकलं असावं अशी आशा धरून तिने तोच नमुना पुन्हा लावला.

गुलाबी गोळी: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. पहिली चाचणी ९.८ मिलिग्रॅम, दुसरी चाचणी ९.८ मिलिग्रॅम.