सत्तेचाळीस हजार सत्तावीस

लालबागच्या आमच्या चाळीचा चौक खच्चून भरलेला. जिन्यावर बायका, कठड्यावर पोरं, मधे पाटावर अंकनाथ महाराज. बाजूला फळा, त्यावर ४७०२७.

"भागा! कुणीही भागा! अखंड आकडा आहे हा. ब्रह्मदेवाच्या बापालाही फुटायचा नाही!"

लोक पाढे लावत होते. साताचा, तेराचा, एकोणतिसाचा. दर वेळी बाकी उरायची. दर वेळी टाळ्या.

पुढ्यात जाईबाई हात जोडून. मी तिच्याकडेच राहायचो. तिचा सीताराम माझा दोस्त. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला, तिथे गोळीबार झाला, तो परतलाच नाही. मी इस्पितळात गेलो, तर म्हणाले, घरचं माणूस आणा, त्याशिवाय आत सोडणार नाही. आणि जाईबाई चाळीचा उंबरा ओलांडेना. महाराजांनी सांगितलेलं, "मुलाचा जीव ह्या आकड्यात बांधलाय. आकडा अखंड तोवर मुलगा जिवंत. शोधायला गेलीस की फुटला!"

बघता बघता माझ्या लक्षात आलं. सगळे तिसावर थांबतायत. शाळेत आपल्याला पाढे तिसापर्यंतच! मी शाळा चौथीत सोडलेली, गणित रद्दीतल्या पुस्तकातून शिकलो.

उठलो. "महाराज, एकतीसनं बघू?"

"अरे जग्या, एकतीसचा पाढा तुझ्या बापाला तरी येत होता काय?" शेजारचा कोंडीराम कठड्यावरून ओरडला. लोक हसले.

"पाढा नाय येत. भागाकार येतो."

मांडला. पंधराशे सतरा. बाकी शून्य.

कुणी टाळी वाजवली नाही.

"पाप्या!" महाराज कडाडले. "पोराचा जीव घेतलास!"

जाईबाईनं माझा सदरा धरला. "जगदीश, माज्या झिलाक मारलंस रे!"

सगळा चौक माझ्याकडे बघत होता. माझ्या बाजूला कोणी नव्हतं. मी दहा वजा करून लिहिलं. ४७०१७.

"मावशी, हा बघ. हा खरंच फुटत नाय. पुस्तक शिकताना ह्याला दोनशे सोळापर्यंत भागून बघितलंय मी. दोनशे सतराचा वर्गच ह्याच्याहून मोठा, म्हणजे पुढे बघायला नको. मूळ संख्या म्हणतात ह्याला. अशा संपता संपत नाहीत. पण आकड्याला सीताराम कोण ते कसं कळणार गं?"

"काय महाराज," कोंडीराम म्हणाला, "ब्रह्मदेवाचा बाप एकतिसावर अडला काय?"

महाराजांनी दक्षिणेच्या नारळांची पिशवी उचलली आणि मागच्या जिन्यानं सटकले. जाईबाईनं माझा सदरा सोडला.

सकाळी जाईबाई माझ्याबरोबर इस्पितळात आली. नर्सनं नाक्यानाक्यावरचे जखमी कुठे ठेवले होते ते दाखवलं, सीतारामचं वर्णन विचारलं, मग मान खाली घातली. "होता. नाव-पत्ता सांगता येत नव्हतं. नुसतं आई, आई करायचा. परवा गेला."

बाहेर पायरीवर जाईबाई बसली. म्हणाली, "झील जितो होतो रे. त्या आकड्यान माका घराक बसवून ठेवल्यान."

खोलीत आता आम्ही दोघंच.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमचं कुणी हरवलं असेल तर कुठल्याही महाराजाला विचारू नका. चपला घाला आणि शोधायला जा.