तीन चुली पाहिलेली टोपली

"चाचा, आमचे वांगे तुमाले चालतात, मंग तुमचं सालन आमाले कावून चालत नाही?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारायची शकुनची छाती आहे का, यावर शाळेत पोरींची पैज लागली होती. तिची वर्गमैत्रीण कौशल्या तर म्हणाली होती, "तू इचारशीन? तू तर बाईले पानी प्यायले जाऊ का म्हनून इचारत नाहीस." शकुनने विचारलं. मी स्वतः ऐकलं, कारण तेव्हा मी तिच्या डोक्यावर होते.

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. माझा बांबू मेळघाटातला. मनकर्णाबाई बुरडिणीने मला तिच्या ओसरीवर विणलं. बांबूच्या धारदार कामटीने तिची बोटं कापली जायची, तरी माझा काठ वळताना तिने घाई केली नाही. भातकुलीच्या शेषराव माळ्याने मला घेतलं. मग दर रविवारी वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या भरून मी बैलबंडीतून अमरावतीला जाऊ लागले. "अशी टोपली पुन्हा होनार नाही," असं शेषराव सगळ्यांना सांगायचा. मला फार बरं वाटायचं.

अमरावतीत आमच्या तीन खानावळी ठरलेल्या होत्या. एक मारवाडी बासा, एक काठेवाडी बाईची, आणि तिसरी कापसाच्या बाजारामागे कुद्दूसचाचांची. मी थेट चुलीपर्यंत जायचे. बाशात मेथीच्या भाजीत मनुका पडायच्या. काठेवाडी बाई कढीत गूळ घालायची. कुद्दूसचाचा तीळ, शेंगदाणे आणि चिंच वाटून आमच्या वांग्यांचं सालन करायचे. शेषराव मात्र दाराबाहेर थांबायचा. त्याची मोठी मुलगी शकुन आणि तिची सहा वर्षांची बहीण जयवंता निंबाखाली घरच्या भाकरीचं फडकं सोडून बसायच्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. कुणी आत या म्हटलंही नव्हतं. आपली भाजी दुसऱ्याच्या चुलीवर काय होते, हे शेषरावाच्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला तर तोंड नाही.

शकुनचा प्रश्न ऐकून कुद्दूसचाचांनी पळी खाली ठेवली.

"पोरी, माहं दार तर उघडंच हाय. तुह्या बापाले इचार."

"बाबा बैलाले पानी पाजाले गेले. ते नाही म्हनतीन. म्हनून तर आताच इचारून राहिली."

चाचांनी एकदा दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग त्यांनी दोन कोऱ्या पत्रावळी मांडल्या आणि शकुनने जयवंताला आत बोलावलं. तिखट सालनाने जयवंताच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण तिचा हात काही थांबेना.

"हे आपलेच वांगे होत का?"

"आपलेच."

"मंग मायच्या हातचे असे कावून नाही लागत?"

त्यानंतरचे तीन रविवार शकुन बहिणीला लपूनछपून नेत राहिली. बाशातली मेथी जयवंताने बोटं चाटून खाल्ली. काठेवाडी बाईला तिने तोंड वाकडं करून विचारलं, "कढीत गूळ कोनं सांडला?" बाई हसून हसून खाली बसली आणि तिने आणखी एक वाटी वाढली.

मग जातीत एक लग्न निघालं. पंगतीत वांग्याची भाजी आली. समोर पंच वामनराव बसले होते. जयवंता मोठ्याने म्हणाली, "याच्यात तीळ नाही टाकले. कुद्दूसचाचाच्या सालनात असतात."

सगळ्यांचे हात ताटावरच थांबले.

पुनवेला दोन्ही पोरींना पंचांपुढे आणा, असा निरोप आला. जातीबाहेर टाकलं तर शेषरावाच्या दारात ना सोयरा येणार, ना पोरींना स्थळ. त्याने अमरावतीला जाणं सोडलं. भाजी दुसऱ्याच्या बंडीतून जाऊ लागली आणि मी गोठ्यात पडले. माझ्यात आता शेणी असतात. उंदरांनी माझा काठ कुरतडला आहे.

मित्रांनो, टोपली भाराने मरत नाही, कोपऱ्यात टाकली की मरते. घरच्या टोपलीवर मधूनमधून ओला हात फिरवा, वीण सैल होऊ देऊ नका. आणि लहान लेकराने कधी दुसऱ्याच्या घरची चव बोलून दाखवली, तर त्याला गप्प करू नका. ते खोटं बोलत नसतं.

त्या पुनवेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना, शेषराव आणि त्याची बायको पार्बताबाई गोठ्यात धार काढत होते. शकुन दाराशी उभी होती.

"उद्या म्हनायचं, लहान पोरगी हाय, सपन पडलं असन तिले," शेषराव हळूच म्हणाला.

"तू नुसती मान खाली घालून ऱ्हाय, बाई," पार्बताबाई म्हणाली. "तुह्या लग्नाचं पाहा लागते आमाले."

शकुन दारातून आत आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"माय, बाबा, मान मी खाली घालीन. ते मोठे लोक हायेत. पन सपन नाही म्हननार. जयवंताले लबाड नाही ठरू देनार. मी जेवली, तिले मीच जेवू घातलं, अन् चांगलं लागलं. उद्या पंचाले हे मीच सांगनार हाव."